मोजल्याशिवाय पाना नको



या पानावर आम्ही एरवी कापसाच्या भावावर लिहितो. आज जीपवर लिहिणार आहोत. शहरातल्या हौशी लोकांच्या चकचकीत गाड्यांवर नाही. कुठल्या तरी खात्याच्या लिलावातून सुटून, चार हात फिरून गावात आलेली, ताडपत्रीला ठिगळं असलेली जी जुनी डिझेल जीप आपल्या पांदणीतून चिखल तुडवत जाते, तिच्याबद्दल लिहितो आहोत. बियाणं, खताच्या गोण्या, वऱ्हाडी, बाळंतीण, सभेचे कार्यकर्ते या सगळ्यांना तीच वाहते. जिथे एसटी जात नाही तिथे ती जाते. त्यामुळे ती बंद पडली की गाव बंद पडतं.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक जीप नको त्या रात्री बंद पडली. कपाशीवर फवारणी करताना एका तरुण मजुराला विषबाधा झाली होती. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आम्ही त्या गावात बैठकीला मुक्कामी होतो. जीप दारात उभी. मालकाने किल्ली फिरवली, तर नुसता 'टक' आवाज. पुन्हा 'टक'. हेडलाईट मात्र लख्ख. धक्का मारून सुरू करावी, तर काळ्या मातीच्या चिखलात चाकं रुतलेली, चार माणसांनी हलेना. शेवटी पोराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथून दुसरी गाडी मिळाली. पोरगा वाचला. तो डॉक्टरांच्या आणि त्याच्या आईच्या पुण्याईने वाचला, आपल्या शहाणपणाने नव्हे.

कारण ती जीप काही दुर्लक्षित नव्हती. उलट गेल्या तीन महिन्यांत मालकाने तिच्यावर पाण्यासारखा पैसा ओतला होता. आधी नवी बॅटरी टाकली. पंधरा दिवस गाडी झकास चालली, मग बॅटरी उतरायला लागली. तालुक्याच्या मिस्त्रीने सांगितलं, अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. नवा अल्टरनेटर बसवला. तरी दुखणं तेच. मग सांगितलं, सेल्फ गेला. सेल्फही बदलला. तिन्ही मिळून तीन क्विंटल कापसाचे पैसे गेले. आणि त्या रात्री पुन्हा 'टक'.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मल्टीमीटर लावला. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि मालकाला सेल्फ मारायला सांगितलं. काट्याने चार व्होल्ट दाखवले. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. खाली वाकून पाहिलं तर इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजावर आणि रंगावरच बोल्ट करून ठेवलेली. उन्हाळ्यात इंजिनचे रबरी माउंटिंग बदलले, तेव्हा कुणीतरी ती तशीच आवळली होती. कानस मारून लोखंड पांढरं केलं, पट्टी घट्ट बसवली, वर ग्रीस लावलं. सेल्फने एका झटक्यात इंजिन फिरवलं. खर्च शून्य रुपये.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ती हीच गोष्ट.

हेडलाईट लख्ख, मग सेल्फ का फिरत नाही?

हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. हेडलाईटच्या एका दिव्याला साधारण पाच अँपिअर वीज लागते. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. एवढा प्रवाह जाताना वाटेत ओहमच्या शंभराव्या हिश्श्याएवढा जरी अडथळा आला, तरी दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. गाळाने भरलेल्या पाइपातून घागर भरते, पण वावर भिजत नाही. तसंच हे आहे. शिवाय दिव्याची वीज चासीवरून परत जाते, सेल्फची वीज मात्र इंजिनमधून त्या पट्टीवरूनच परत जाऊ शकते. दिवे पेटले म्हणून पट्टी चांगली, हा हिशेब चुकीचा आहे.

अल्टरनेटरही इंजिनवरच बसलेला असतो. पट्टी खराब झाली की त्याचीही वीज बॅटरीपर्यंत पुरती पोचत नाही. म्हणून नवी बॅटरी पंधरा दिवसांत उतरली. एका पट्टीने तीन नव्या वस्तू खोट्या ठरवल्या.

ड्रायव्हरने नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. दोन महिन्यांपूर्वीच त्याच्या लक्षात आलं होतं की सेल्फ मारला की इंजिन बंद करण्याची ओढतार गरम होते. पट्टीची वाट बंद झाल्यावर वीज त्या बारीक तारेतून परत जायला धडपडत होती! निदान तिथेच झालं असतं. पण ड्रायव्हरला कुणी विचारलंच नाही.

किल्ली फिरवल्यावर काय होतं, ते आधी बघा

जुन्या जीपचं एक बरं आहे. ती काही लपवत नाही. ऐंशीच्या दशकापासून आपल्याकडे आलेल्या पेजो इंजिनच्या जीपा काय, किंवा ट्रॅक्टरच्या जातीचं इंजिन बसवलेल्या जीपा काय, त्यांचा डिझेल पंप यंत्रावर चालतो, संगणकावर नाही. एकदा सुरू झालेल्या अशा इंजिनला चालत राहायला विजेची गरज जवळजवळ नसते. ज्यांना बंद करण्यासाठी विजेचा सोलेनॉईड बसवला आहे तेवढ्यांचा अपवाद. म्हणून पहिला प्रश्न एकच: इंजिन फिरत नाही, की फिरतं पण पेटत नाही? फिरत नसेल तर दुखणं विजेचं. जोरात फिरून पेटत नसेल तर दुखणं डिझेलचं, हवेचं किंवा हिटरचं. एवढी वाटणी केली तरी निम्मा खर्च वाचतो.

फिरत नसेल तर या क्रमाने जा. हेडलाईट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे, तिच्या खुंट्या सैल आहेत किंवा सेल्फ अडकला आहे. दिवे लख्ख राहिले आणि नुसता 'टक' झाला तर वीज सेल्फपर्यंत जात नाही किंवा परत येत नाही. मग मल्टीमीटर काढा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना ती दहाच्या फार खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग ठीक आहे.

बॅटरीला झाकणं असतील तर हायड्रोमीटरने सहाही घरं तपासा. भरलेल्या घरात काटा १.२४० ते १.२८० दाखवतो. पाच घरं सारखी आणि एकच फार खाली असेल तर ती बॅटरी गेली. सगळी सारखीच खाली असतील तर बॅटरी गेलेली नाही, उपाशी आहे. तिला चार्ज करा आणि उपास का घडला ते शोधा. फॅन बेल्ट मधोमध दाबून पाहा, अर्ध्या इंचापेक्षा फार दबला तर तो घसरतो आहे. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. ॲसिड घालू नका, विहिरीचं पाणी तर नाहीच. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेटणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी नको. पाना लावण्याआधी हातातलं कडं काढा आणि ऋण खुंटी आधी सोडा.

मग दोन्ही वाटा मोजा. धन खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत आणि ऋण खुंटीपासून इंजिनच्या लोखंडापर्यंत. सेल्फ मारताना यातली कुठलीही वाट अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त खात असेल, तर त्या वाटेवरचे सांधे उघडा, घासा, आवळा. आणि अडचणीच्या रात्रीसाठी एक लक्षात ठेवा. जम्प-लीडची एक जाड वायर बॅटरीच्या ऋण खुंटीपासून थेट इंजिनच्या लोखंडाला लावली तर खराब पट्टीला वळसा पडतो. त्या रात्री आम्हाला हे सुचलं असतं तर पोराची ट्रॉलीतली वाट वाचली असती. जम्प-लीड ट्रॅक्टरवर टांगलेली होती. हा दोष मिस्त्रीचा नव्हे, आमचा.

एक वाईट सवयही मोडली पाहिजे. चार्जिंग होतं का ते बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची, ही डायनामोच्या काळातली करामत. अल्टरनेटरवर ती केली तर आतले डायोड जळतात. परीक्षा घेता घेता विद्यार्थीच मारायचा, असला हा प्रकार.

फिरतं, पण पेटत नाही

इथे पहिला संशय हवेचा. टाकी तळाला गेली, फिल्टर बदलला किंवा एखादा रबरी पाइप तडकला की डिझेलच्या वाटेत हवा शिरते. पंप हवा दाबत बसतो आणि नोझलपर्यंत डिझेल जात नाही. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत मारत राहा, मग स्क्रू आवळा. तसंच मोठ्या पंपावरच्या स्क्रूचं. तरी पेटलं नाही तर नोझलच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल दिसलं की आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. हवा रोज शिरत असेल तर रोज काढत बसू नका, ती कुठून शिरते ते शोधा.

थंडीत पहाटे पांढरा धूर येतो आणि इंजिन पकडत नाही, तेव्हा हिटर प्लग पाहा. प्लगची वायर काढा, बॅटरीच्या धन खुंटीपासून एका बल्बमधून प्लगच्या टोकाला वीज द्या. बल्ब पेटला तर प्लग शाबूत. काही जुन्या इंजिनांत हे प्लग दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की सगळे गार.

धूर ही इंजिनची नाडी आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर क्लिनर उघडा. आपल्या धुळीत तेलाच्या भांड्याचा एअर क्लिनर किती लवकर चिखलाने भरतो ते पाहून चकित व्हाल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. गरम इंजिनवरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गास्केटचा संशय घ्या. गाडी तापत असेल तर पाण्याचा पंप बदलण्याआधी रेडिएटरच्या जाळीत बघा. जिनिंगच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या जाळीत रुई आणि धूळ मिळून गोधडी तयार झालेली असते. ती आतल्या बाजूने बाहेर पाणी मारून काढा.

हे आम्ही का सांगतो आहोत?

आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसं. इंजिन आमचा विषय नव्हे. पण त्या जीपची कथा ऐकताना आम्हाला आमचंच शास्त्र आठवलं. कपाशीची पानं लाल पडतात. लक्षण एक, कारणं अनेक. कधी मॅग्नेशियम किंवा नत्र कमी, कधी बोंडांचा भार आणि पाण्याचा ताण, कधी रात्रीची थंडी, कधी तुडतुडे. पान उलटून तुडतुडे मोजायला दोन मिनिटं लागतात. पण आपण पान खिशात घालून दुकानात जातो आणि बाटली घेऊन परत येतो. बाटलीने उतरलं नाही तर दुसरी बाटली. बॅटरी, मग अल्टरनेटर, मग सेल्फ. आणि त्या पोराच्या अंगात जे विष गेलं, त्यातली किती फवारणी खरोखर लागणार होती, हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही.

आता कुणी म्हणेल, मिस्त्री चोर आणि दुकानदार लुटारू. आम्ही तसं म्हणणार नाही. त्या मिस्त्रीचा हिशेब बघा. तो दोन तास गाडीखाली आडवा पडून खराब पट्टी शोधतो आणि ती घासून देतो. आपण त्याला काय देतो? "काय केलंस रे, नुसतं घासलं तर आहे," म्हणून चहाचे पैसे. तोच त्याने अल्टरनेटर बदलला की आपण पार्टचे पैसे मुकाट्याने मोजतो, त्यात त्याचंही सुटतं. मग त्याने पट्टी का शोधावी? कृषी केंद्राचंही तेच. सल्ला फुकट, बाटली विकत. फुकटचा सल्ला बाटलीच्या किमतीतून दामदुपटीने वसूल होतो.

आमच्या घामाला भाव द्या, असं आपण सरकारला चौकाचौकात ओरडून सांगतो. मग मिस्त्रीच्या डोक्याला आपण भाव देतो का? लोखंडाला पैसे आणि निदानाला चहा, हा आपलाच व्यवहार आहे. तो बदलेपर्यंत आपल्याला लोखंडच मिळत राहणार.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. निदानाची मजुरी वेगळी ठरवा आणि ती खुशीने द्या. "दोष शोधून दाखव, त्याचे इतके, पार्ट लागला तर त्याचे वेगळे." पार्ट बदलायचा असेल तर आधी आकडा विचारा: बॅटरी किती व्होल्ट दाखवते, चालू इंजिनवर किती, सेल्फ मारताना किती. आकडा सांगता येत नसेल तर पाना खाली ठेवायला सांगा. जुना पार्ट परत मागा. आणि मिस्त्रीकडे जाताना ड्रायव्हरला सोबत न्या, कारण गाडीचं दुखणं त्याला माहीत असतं.

प्रत्येक तालुका शाखेने एक मल्टीमीटर, एक हायड्रोमीटर, एक जम्प-लीडची जोडी आणि एक वही घ्यावी. सगळं मिळून एका बॅटरीच्या किमतीपेक्षा कमी पैसे लागतील. वहीत प्रत्येक गाडीचं पान असावं: कधी काय बिघडलं, आकडे काय होते, शेवटी काय निघालं. महिन्यातून एकदा बैठकीआधी तासभर गाड्या मोजाव्यात. गावातली शिकलेली पोरं-पोरी हे काम दोन दिवसांत शिकतील. ज्या मिस्त्रीला शिकायचं असेल त्यालाही बोलवा. तो शिकला तर आपलंच भलं आहे.

पुढची गाडी तोंड उघडणार नाही

शेवटचा मुद्दा मोठा आहे. जुनी जीप आपलं दुखणं मल्टीमीटरला सांगते. नवी यंत्रं तसं करणार नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. ते पाळायला अशा बऱ्याच ट्रॅक्टरांत संगणकाने चालणारी डिझेलची यंत्रणा आली. धूर कमी व्हावा, याला आमची हरकत नाही. तो धूर आपल्याच छातीत जातो. हरकत आहे ती निदान कुलपात बंद होण्याला. दोषाचा आकडा वाचायचं यंत्र फक्त कंपनीच्या माणसाकडे असेल, तर पेरणीच्या दिवशी वावरात उभा राहिलेला ट्रॅक्टर त्याची वाट बघणार आणि पाऊस मात्र कुणाची वाट बघणार नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि सुरुवातीच्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रं धरली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं संकेतस्थळही उघडलं. चांगली गोष्ट आहे. पण संकेतस्थळावरची माहिती आणि मालकाच्या हातात मिळालेला वायरिंगचा नकाशा यांत फरक आहे. आमची मागणी एवढीच: जो ट्रॅक्टर विकेल त्याने त्याचा वायरिंगचा नकाशा आणि दोषांच्या आकड्यांचा अर्थ मालकाच्या भाषेत मालकाच्या हातात द्यावा, आणि ते आकडे वाचायचं यंत्र बाजारात कुणालाही विकत घेता यावं. सबसिडी नको, उपकार नको. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू आतून पाहण्याची मुभा हवी.

ही मागणी करण्याचा हक्क मात्र मोजणाऱ्यालाच शोभतो. ज्याने साधी अर्थिंगची पट्टी कधी वाकून पाहिली नाही, त्याच्या हातात नकाशा देऊन काय उपयोग? तेव्हा पुढच्या बैठकीला येताना जीप घेऊन या. बॉनेट उघडून ठेवा. भाषणं नंतर होतील, आधी व्होल्ट मोजू.